ॲक्सोलॉटलची टाकी दर हिवाळ्यात हिरवी होते? दिव्याला हात लावण्याआधी हे तपासा

डिसेंबर लागला की आमची टाकी हिरवी व्हायला लागायची. सलग तीन वर्षं. आधी काचेवर बारीक हिरवे ठिपके, मग ॲन्युबियसच्या पानांच्या कडेला केसांसारखं शेवाळ, आणि संक्रांतीपर्यंत जावा मॉसचा पार गोधडा झालेला. फेब्रुवारी संपता संपता प्रकार कमी व्हायचा आणि शिमग्याला काच पुन्हा लख्ख. मधल्या अडीच-तीन महिन्यांत मी जे काही उपाय केलेले असायचे त्यांनाच मी श्रेय द्यायचो. त्यामुळे पुढच्या डिसेंबरात पुन्हा तेच उपाय, पुन्हा तोच गोधडा.

टाकी ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच. पाणी साधारण ११५ लिटर. नागपूरला प्रतापनगरात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, हॉलमध्ये दक्षिणेच्या खिडकीपासून अडीच-तीन फुटांवर स्टँड, त्यावर टाकी. आत दोन ॲक्सोलॉटल, म्हणजे बेडकासारखेच उभयचर, पण शेपटीचे, बाहेर कल्ल्यांच्या झालरी असलेले आणि जन्मभर पाण्यातच राहणारे. एक पांढरट गुलाबी, काळ्या डोळ्यांचा. दुसरा जवळजवळ काळा. लेकीनं नावं ठेवली साबुदाणा आणि बिब्बा. (पाळायचा विचार असेल तर आधी कागदपत्रांचं बघा. हा प्राणी सायटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर असे प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आले आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा "त्याचं काही नसते हो" म्हणाला तर दुसरा विकणारा शोधा.)

शेवाळ हा काही जगावेगळा प्रश्न नाही. पण माशांच्या टाकीतले सगळे नेहमीचे उपाय ॲक्सोलॉटलच्या टाकीत बाद होतात, आणि हे मला एकेक करून कळलं. दुकानात टँक क्लीनर म्हणून जो सकर मासा देतात तो चालत नाही. तो गरम पाण्यातला, आणि रात्री ॲक्सोलॉटलच्या अंगावरचा चिकट थर खरवडायला लागतो. शिवाय ॲक्सोलॉटल तोंडात मावेल ते गिळतो, त्यामुळे लहान मासा टाकला तर काटा त्याच्या घशात अडकायची भीती. गोगलगाईंचं तेच, कवच पोटात जातं. शेवाळ मारणारी औषधं तर लांबच ठेवायची. अनेकांत तांबं असतं आणि उभयचराची कातडी म्हणजे अर्धं फुप्फुसच, पाण्यातलं सगळं आत ओढून घेते. लिक्विड कार्बन म्हणून मिळतं ते मुळात जंतुनाशक, तेही नको. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावून झाडं जोमात वाढवावी म्हटलं तर पाण्याचं आम्ल-अल्कप्रमाण खालीवर होतं आणि हा प्राणी ते सोसत नाही.

म्हणजे हाताशी उरलं काय? पाण्यातलं खत आणि पाण्यावरचा प्रकाश. ॲक्सोलॉटल घाण भरपूर करतो, त्यामुळे खत शून्यावर आणणं शक्य नाही. मी आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलतो, नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास ठेवतो, उरलेलं गांडूळ लगेच उचलतो. त्यापुढे सगळी भिस्त प्रकाशावर. आणि प्रकाश म्हणजे दिवा, असं धरून मी तीन हिवाळे वाया घालवले.

पहिल्या वर्षी दिवाच बंद केला. तीन आठवडे पूर्ण बंद. ॲक्सोलॉटलला अंधाराचं वावडं नाही, उलट दोघं खुशीत होते. पण हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीनं सुयांसारखी सगळी पानं गाळली, ती फिल्टरच्या स्पंजात जाऊन बसली, कुजली, आणि अमोनिया ०.५ दाखवायला लागला. रोज बादल्या भरून पाणी बदलावं लागलं. गंमत म्हणजे दिवा बंद असूनही खिडकीकडच्या काचेवरचं शेवाळ वाढतच होतं. हे मला तेव्हा दिसलं होतं. मी नोंदही केली होती. अर्थ मात्र लावला नाही.

दुसऱ्या वर्षी एका दुकानदारानं उलट सल्ला दिला. झाडं अशक्त आहेत म्हणून शेवाळ येतं, दिवा वाढवा, झाडं जोर धरतील आणि शेवाळाला उपाशी मारतील. ऐकायला पटतं. २६ अंशांच्या पाण्यात, सिलिंडर लावलेल्या टाकीत ते खरंही आहे. मी १८ वॅटचा साधा एलईडी काढून ३६ वॅटचा लाल-हिरवा-निळा-पांढरा असा भारी दिवा आणला. आठ दिवसांत पानांवर शेवाळाची दाढी. साबुदाणा लपायच्या कुंडीच्या बाहेर येईना, शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं, गांडूळ तोंडासमोर धरलं तरी मान फिरवायचा. फेब्रुवारीत वैतागून जुना दिवा परत लावला. शेवाळ कमी झालं. मी ठरवून टाकलं, दोष भारी दिव्याचा होता.

तिसऱ्या वर्षी जुनाच दिवा होता, सात तासच चालू होता, आणि डिसेंबरात टाकी पुन्हा हिरवी.

जानेवारीतला रविवार. आई टाकीजवळ खुर्ची ओढून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, रात्री सोलेभाताचा बेत होता. मी टूथब्रश घेऊन काच घासत होतो.

"काय करून राहिला रे सकाळपासून?"

"शेवाळ येतंय. दिवा कमी केला, तरी येतच आहे."

"दिव्याचं काय घेऊन बसला? एवढं ऊन पडते त्याच्यावर. म्हणून तर मी इथं बसते."

मी खाली पाहिलं. आईच्या पायांवर, शेंगांच्या परातीवर, स्टँडवर आणि टाकीच्या खालच्या अर्ध्या भागावर पिवळंधमक ऊन होतं. ग्रिलची नक्षी काचेवर उमटली होती. मी रोज साडेनऊला ऑफिसला जातो आणि सातला परत येतो. रविवारी उठतोच उशिरा, आणि उठल्यावर पेपर घेऊन गॅलरीत बसतो. हे ऊन मी तीन वर्षांत पाहिलंच नव्हतं.

नागपूरकराला ऊन म्हटलं की मे महिना आठवतो. मी पहिल्या उन्हाळ्यात खास सुट्टी घेऊन तपासलं होतं, दिवसभरात टाकीवर थेट ऊन येतं का. नाही आलं. म्हणून तो मुद्दा मी कायमचा मिटवला होता. चूक तिथे झाली. आपलं शहर २१ अंश अक्षांशावर. २६ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. डोक्यावरचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत शिरणार कसं? छज्जाच ते अडवतो. पण २२ डिसेंबरला भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच चढतो. माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते. खिडकीचा वरचा काठ सात फुटांवर, छज्जा दीड फुटाचा. हिशेब केला तर जमिनीवर ऊन साडेपाच फूट आत येतं, आणि सकाळी साडेदहा-अकराला सूर्य याहून खाली आणि तिरपा असतो तेव्हा आणखी आत. मार्गशीर्षापासून माघापर्यंत माझी टाकी रोज उन्हात होती. शेवाळ येण्याजाण्याचं वेळापत्रक सूर्याचं होतं, माझ्या उपायांशी त्याचा संबंध नव्हता.

मग मोजलं. फोनवर उजेड मोजणाऱ्या लक्समीटरचं फुकट ॲप मिळतं. दिव्याखाली, टाकीच्या बाहेर, टाकीच्या तळाएवढ्या अंतरावर फोन धरला तर २,००० लक्स. फोन खिडकीकडच्या काचेला टेकवून उन्हाकडे तोंड केलं तर ३२,०००. आता तासांनी गुणा. दिवा ७ तास, म्हणजे १४,००० लक्स-तास. ऊन दीड तास धरलं तरी ४८,०००. दिव्याच्या जवळपास साडेतीन पट प्रकाश टाकीला अशा जागेतून मिळत होता जिकडे मी बघतच नव्हतो, आणि मी दिव्याचे अर्धे-अर्धे तास कमी करत बसलो होतो. फोनचा आकडा अचूक नसतो, दोन फोन दोन आकडे दाखवतील. पण एकाच फोननं घेतलेल्या दोन आकड्यांत एवढी दरी असेल तर अचूकतेची गरजही नसते.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. टाकी हलवायची म्हणजे पाणी, रेती, काच मिळून दीडशे किलोंच्या वर, ते बाद. पडदा ओढायचा तर आईचं ऊन जातं, तेही बाद. शेवटी खिडकीकडची आणि मागची अशा दोन काचांना बाहेरून सनबोर्ड लावला. बॅनरवाल्याकडे मिळतो तो, तीन मिलिमीटरचा, कटरनं सहज कापला जातो. आतल्या बाजूला काळा कागद चिकटवला. आधीचं शेवाळ त्यानं काही विरघळत नाही. ते ब्रशनं घासून, पाणी बदलताना नळीनं ओढून काढलं, आणि जी पानं पार माखली होती ती सरळ कापली. तीन आठवड्यांत नवीन येणं थांबलं, आणि तेसुद्धा जानेवारीत, ऊन ऐन भरात असताना.

तुमच्याकडे शेवाळ कुठे आहे ते आधी बघा

शेवाळाचा नकाशा काढा, खरंच कागदावर काढा. प्रकाश कुठून येतो ते शेवाळच सांगतं. वरच्या पानांवर, दगडाच्या माथ्यावर, दिव्याच्या बरोबर खाली असेल तर दिवा जास्त आहे किंवा जास्त वेळ आहे. एकाच बाजूच्या काचेवर आणि त्या बाजूच्या झाडांवर असेल तर त्या बाजूनं काहीतरी येतंय, मग ते ऊन असो, समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड असो की गॅलरीतला रात्रभर जळणारा दिवा. माझं शेवाळ खिडकीकडच्या काचेच्या खालच्या निम्म्या भागावर होतं, वर जवळपास नव्हतंच. डोक्यावरचा दिवा असं कधी करत नाही.

सगळीकडे तपकिरी पीठ पसरल्यासारखं असेल, बोटानं पुसलं जात असेल आणि टाकी नवी असेल तर काही करू नका. नव्या टाकीत ते येतंच, महिना-दोन महिन्यांत जातं. निळसर हिरवी सलग साय आली, ओढली तर पापुद्र्यासारखी निघाली आणि कुबट वास आला, तर ते शेवाळच नाही, जिवाणू आहेत. बहुतेक वेळा पाणी न हलणाऱ्या कोपऱ्यात, उरलेल्या अन्नावर. तिथे मात्र तीन दिवसांचा संपूर्ण अंधार कामाला येतो. टाकीवर चादर घाला, कोपरे बंद करा. पण हवेचा पंप चालू राहू द्या, कारण अंधारात झाडं ऑक्सिजन सोडत नाहीत, ओढतात. आणि तीन दिवस म्हणजे तीनच. मी तीन आठवडे केलं त्याचं काय झालं ते वर आहे.

टायमरचं एक गुपित

हे माझ्या मेहुण्याच्या घरी सापडलं, मनीषनगरात. त्याच्याकडे दक्षिणेला खिडकीच नाही, तरी जूनमध्ये टाकी हिरवी. "दिवा किती तास?" विचारलं तर म्हणाला, सात, टायमर आहे. टायमर कोणता? खुंट्या दाबायचा, चाकाचा. हा टायमर लाइन गेली की थांबतो आणि लाइन आली की थांबला होता तिथून पुढे चालतो. अवकाळी वादळात दोन तास लाइन गेली की तो कायमचा दोन तास मागे. एप्रिल-मेमध्ये असं चार-पाच वेळा झालं की दुपारी दोनला लागणारा दिवा रात्री दहाला लागतो आणि पहाटेपर्यंत चालतो. मेहुणा संध्याकाळी घरी आला की टाकी अंधारात दिसायची म्हणून बाजूचं बटण दाबून दिवा हातानं लावायचा. ते बटण दाबलं की टायमर बाजूला पडतो आणि दिवा बंद करायची आठवण ठेवणं आपल्याकडे येतं. हिशेब केला तर बऱ्याच दिवशी चौदा-पंधरा तास उजेड. आत सेल असलेला डिजिटल टायमर घ्या. चाकाचाच असेल तर लाइन जाऊन आल्यावर घड्याळाशी जुळवायची सवय लावा.

मग दिवा किती ठेवायचा

सोपं उत्तर असं की तळाशी १,००० ते २,००० लक्स, रंग ६,५०० केल्विन, दिवसाला ६ ते ८ तास. झाडांच्या भाषेत हे १५ ते ३० 'पार' (PAR, झाडांना वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) होतं. पांढऱ्या एलईडीला साधारण ७० लक्सला १ पार धरा. माझ्या टाकीला १८ वॅट पुरतात, तेही डिमरवर कमी केलेले. डिमर नसेल तर दिवा टाकीच्या काठावरून वीतभर वर टांगा. दोन साखळ्यांत काम होतं.

पण हा आकडा असाच का, हे कळलं नाही तर पुन्हा कुणीतरी भारी दिवा विकून जाईल. ॲक्सोलॉटलचं पाणी १६ ते १८ अंशांत ठेवायचं असतं, फार तर २०. दुकानातल्या झाडांच्या पाकिटावर लिहिलेला प्रकाश आणि वाढ हे सगळं २५ अंशांच्या पाण्यातलं असतं. १८ अंशांत ॲन्युबियस महिन्याला एक पान काढेल, कधी तेही नाही. झाड तेवढं हळू चालत असताना दिवा वाढवला तर झाडाला तो वापरता येत नाही. न वापरलेला प्रकाश आणि ॲक्सोलॉटलचं फुकटचं खत, दोन्हीवर शेवाळ पोसतं. दुकानदाराचा सल्ला इथेच फसला. थंड टाकीत दिवा झाडांच्या चालीनं ठेवायचा, आपल्या हौसेनं नाही.

त्यापेक्षा झाडं बदला. क्रिप्टोकोरीन माझ्याकडे दोनदा वितळली, नाद सोडला. जावा मॉस थंडाव्यात उत्तम. जावा फर्न संथ पण भरवशाचा. हॉर्नवर्ट आणि व्हॅलिसनेरिया १८ अंशांतही बऱ्यापैकी वेगानं वाढतात आणि पाण्यातलं नायट्रेट ओढतात, म्हणून शेवाळाशी झुंज खरं तर तेच देतात. ॲन्युबियस आणि जावा फर्नची जाड आडवी मुळी रेतीत पुरायची नाही, कुजते. लाकडाला किंवा गुळगुळीत दगडाला दोऱ्यानं बांधायचं. तसंही बिब्बा रोज रात्री जेसीबीसारखा रेती उकरतो, पुरलेलं काही टिकत नाही. मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या याच कारणासाठी नकोत, उकरून तोंडात जातात. रेतीही एक मिलिमीटरपेक्षा बारीकच. मी कन्हानची रेती आणून पिठाच्या चाळणीनं चाळली आणि वीस पाण्यांत धुतली, बायको अजून त्या चाळणीवरून ऐकवते. खडी मात्र अजिबात नको, गिळली तर आतड्यात अडकते.

तरंगती झाडं हा मला सगळ्यात आवडलेला उपाय. साल्विनिया किंवा डकवीडनं अर्धा पृष्ठभाग झाकला की खाली आपोआप झावळा उजेड होतो, आणि ही झाडं हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत असल्यानं भराभर वाढून खत खातात. अर्ध्यापेक्षा जास्त पसरली की मूठभर काढायची. ती कुंडीत टाका, वाळवा, काहीही करा, पण फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडू नका, अंबाझरीला जलपर्णीनं आधीच जेरीस आणलंय. तलावातून आणूही नका. सोबत जळवा येतात आणि पाण्यात काय काय असतं ते आपण सगळे जाणतो.

शेवाळ गेलं तरी प्राण्याकडे बघायचं राहू देऊ नका

ॲक्सोलॉटलला पापण्या नसतात. उजेड नको वाटला तर डोळे मिटायची सोय नाही, लपणं एवढंच हातात. मूळचा तो मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या गढूळ, गार पाण्यातला, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरचा. टाकीत दिवा लावल्यावर पंधरा मिनिटांनी बघा. तो सावकाश चालत सावलीत गेला तर ठीक. काचेवर धडका देत धावला, शेपटीचं टोक वळवून बसला, कल्ल्यांच्या झालरी पुढे झुकवल्या किंवा दोन-तीन दिवस खाल्लं नाही, तर आधी पाण्याची परीक्षा आणि तापमान बघा, ती ठीक असतील तर प्रवाह आणि दिवा. आमच्याकडे बिब्ब्याला फरक पडत नाही, साबुदाण्याला पडतो. अंगात रंग कमी असलेल्या प्राण्यांना उजेड जास्त टोचतो, टाकीचा हिशेब त्यांच्या बाजूनं करायचा. पांढरी रेती असेल तर उजेड खालूनही परत येतो.

दोन प्राणी तर लपायच्या जागा किमान तीन. मी चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि आडवी ठेवलेली मातीची कुंडी वापरतो, कडा पॉलिश पेपरनं घासून. दिवा एकदम भस्सकन लागू नये. डिमर हळूहळू चढतो तो घ्या, नाहीतर आधी खोलीतली ट्यूब लावून दहा मिनिटांनी टाकीचा दिवा लागेल असं बघा. वरती झाकण हवंच, दचकून बाहेर उडी मारल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत.

उन्हाळ्यात दिव्यावर खापर फोडण्याआधी

मे महिन्यात हमखास विचारणा होते की दिव्यानं पाणी तापतंय का, बंद करू का. गणित करून बघा. १८ वॅटचा दिवा सहा तास चालला आणि त्याची सगळीच्या सगळी उष्णता पाण्यात गेली, तरी ११५ लिटर पाणी ०.८ अंशानं तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता वर हवेत जाते. तेव्हा दिवा बंद करून पाणी ३० वरून १८ वर येणार नाही. फक्त दिव्याची वेळ बदला. एप्रिल ते जून मी तो सकाळी ६ ते १२ लावतो, बाकी वर्षभर दुपारी ३ ते १०, म्हणजे चिलरवर (पाणी गार ठेवणारं यंत्र) ऐन दुपारी जास्तीचा भार नको.

आणि चिलरला पर्याय नाही, हे लिहिताना माझाच खिसा दुखतो. पाण्यावर पंखा लावून भागतं असं ज्यांच्याकडून ऐकाल ते नागपुरातले नसतील. पंखा पाण्याची वाफ करून गारवा देतो, म्हणजे आपल्या कूलरचंच तत्त्व, आणि मर्यादाही कूलरचीच. ४५ अंश आणि हवेत १५ टक्के ओल असेल तर ओल्या फडक्याचं तापमान सुमारे २४ येतं. उत्तमातला उत्तम पंखासुद्धा त्याखाली जाऊ शकत नाही, आणि टाकी तिथवरही पोचत नाही. जुलैत तर ३० अंश आणि ८५ टक्के ओल, तेव्हा हीच मर्यादा २८ वर जाते. म्हणूनच जुलैत कूलर लावला की फक्त चिकचिक होते. गंमत अशी की नवतपापेक्षा पावसाळ्यात पंखेवाल्यांचे ॲक्सोलॉटल जास्त हाल सोसतात, कारण बाहेर गार वाटतं म्हणून कुणी थर्मामीटर बघत नाही. बर्फाच्या बाटल्यांनी पाणी दिवसातून चारदा खालीवर होतं. लाइन गेल्यावर तेवढ्यापुरतं ठीक.

तर क्रम असा ठेवा. शेवाळाचा नकाशा, मग सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ ते चार दर तासाला टाकीचा एक फोटो, तोही ज्या महिन्यात त्रास होतो त्याच महिन्यात, माझ्यासारखा मेमध्ये नाही. मग टायमर घड्याळाशी ताडून बघा. मग खाणं आणि नायट्रेट. या सगळ्यातून काही निघालं नाही तरच दिवा कमी करा, एका वेळी एक तास किंवा डिमरचा एक टप्पा, आणि दोन आठवडे थांबा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही.

यंदाचा डिसेंबर गेला. काचेवर चार-दोन ठिपके आले, ते जुन्या एटीएम कार्डानं खरवडून निघाले. आईची खुर्ची तिथेच आहे, ऊनही तिथेच पडतं, आता सनबोर्डावर. तो बोर्ड चुलतभावाच्या लग्नातल्या स्वागत फलकातून कापलाय, त्यामुळे हॉलमध्ये शिरणाऱ्याला टाकीच्या बाजूवर अजून "सहर्ष स्वा" एवढं वाचायला मिळतं.